राजूरची तागडी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मुक्काम मळा, केदारखेड्याच्या अलीकडे
मार्गशीर्ष वद्य नवमी, शके १८५९

राजमान्य राजेश्री बद्रीनाथराव यांना धर्मराजचा मनापासून रामराम.

आपलं जालन्याचं पत्र कार्तिकात पोचलं. मी उत्तर दिलं नाही याचा राग आला असेल, तर तो हे पत्र वाचून होईपर्यंत तसाच जवळ ठेवावा. शेवटी शेवटी त्याचा उपयोग पडेल. आपल्या गुडघ्याचं दुखणं थंडीत वाढतं हे मला ठाऊक आहे. एरंडाचं तेल कोमट करून लावत जावं, आणि जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजताना उभं राहण्यापेक्षा एका गाठीवर बसूनच बाकीच्या मोजाव्यात. नंदाबाईंचा खोकला कमी झाला का ते कळवावं. इकडे आपली बहीण गोजरबाई ठणठणीत आहे. ती ठणठणीत आहे हे मला दिवसातून पुष्कळ वेळा कळतं. गुऱ्हाळ चालू आहे, ऊस बरा आहे, दोन्ही मुलं देवाच्या कृपेनं उभी आहेत.

आपण विचारलं होतं की अंबडच्या काकासाहेबांचा मुलगा आमच्या साळूसाठी नक्की करू का. स्थळ चांगलं आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे, आणि आपण त्यासाठी दोनदा अंबडला जाऊन आलात हेही मी विसरलेलो नाही. याचं उत्तर एका ओळीचं आहे. पण नुसती ती ओळ लिहून पाठवली तर आपण मला वेडा ठरवाल, म्हणून आधी सगळी हकीकत लिहितो. वाचून मग वेडा ठरवलंत तर माझी तक्रार नाही.

गेल्या विनायकी चतुर्थीच्या सकाळी मी आंघोळ उरकून देवापुढे बसलो, आणि मग अंगणात गुळाच्या सहा भेल्या ओळीनं मांडून त्यांच्यावरच्या मुंग्या मोरपिसानं झाडत राहिलो. गूळ देवाचा, म्हणून एकही मुंगी मारायची नव्हती, आणि हे मुंग्यांनाही बहुधा कोणीतरी सांगून ठेवलेलं होतं. तो गूळ घेऊन आम्हाला राजूरला जायचं होतं. कडूबाचा नवस त्या दिवशी फेडायचा होता.

नवस आपल्याला माहीत आहे, पण तो किती वाढत गेला ते माहीत नाही. आमचे पहिले दोन मुलगे पाळण्यातच गेले. मग साळू झाली. (तिच्यासाठी कोणी काही बोललं नाही, ती नवसाशिवायच जगली.) मग हा मुलगा झाला, तेव्हा गोजरबाईनं राजूरच्या गणपतीला सांगितलं, की याला दहावं सरेपर्यंत केसाला वस्तरा लावणार नाही, अंगाला विकतचं नवं कापड लावणार नाही, मागून आणलेलंच घालीन, आणि दहा पुरी झाली की त्याच्या वजनाइतका गूळ तुझ्या पायाशी घालीन. दृष्ट लागू नये म्हणून नावही कडूबा ठेवलं. हा सगळा नवस पाळला गेला. फक्त मागायला दर वेळी दुसऱ्याच्या दारात कोण जाणार, म्हणून गोजरबाई साळूकडेच मागायची. साळूची जुनी पोलकी कडूबाच्या अंगात, कडूबाच्या डोक्यावर कमरेपर्यंत केस, त्याची रोज तेल लावून घातलेली वेणी, आणि नाक टोचून त्यात चांदीची बारीक तार. (परकर तेवढा मी घालू दिला नाही. कुठेतरी बापानं थांबायला पाहिजे.) गावाला याची सवय होती. कडूबा असाच असतो हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

आता शाळेचं. आमच्या मळ्यापासून शाळा दीड कोस, मध्ये ओढा. नवसाच्या मुलानं एवढं चालायचं कसं, म्हणून मी तीन वर्षांपूर्वी त्याच्यासाठी एक तट्टू घेतलं. तट्टाच्या पाठीवर कडूबा, आणि तट्टाची दोरी धरून पुढे साळू. पाटी-दप्तर साळूच्या डोक्यावर, कारण ओझ्यानं तट्टू अडायचं. नवसाचा मुलगा एकटा ठेवायचा नाही, म्हणून शाळा सुटेपर्यंत साळूनं दाराबाहेर बसायचं. रिकामं बसायला नको, म्हणून गोजरबाई तिच्यासोबत निवडायला तूर द्यायची. असं तीन वर्षं चाललं. तट्टू इतकं हुशार झालं, की एकदा कडूबा तापानं घरी पडला होता तरी ते दावं सोडवून आपलं आपण शाळेत जाऊन उभं राहिलं. नरहर मास्तर तट्टू आलं की वर न बघता कडूबाची हजेरी मांडायचे, त्या दिवशीही मांडली. कडूबाच्या शिक्षणावर मी कधी हात आखडला नाही. तट्टू, तट्टाचं खोगीर, तट्टाची पेंड, सगळं बराबर दिलं. साळूच्या शिक्षणाचा खर्च नव्हता, कारण साळूचं शिक्षणच नव्हतं. मी तरी तसंच समजत होतो.

भाद्रपदात शाळा तपासायला वरून एक साहेब आले. मास्तरांनी मुलांना आठ दिवस आधीपासून बजावून ठेवलं होतं, की विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि साहेब बोलत असताना मध्ये तर मुळीच नाही. साहेब मोठे सज्जन होते. शाळेचं छप्पर गळत होतं, साहेबांच्या टोपीवर दोनदा थेंब पडला, तरी ते चिडले नाहीत. त्यांनी मुलांकडे पाहिलं, आणि पहिल्या रांगेत वेणी घातलेला, पोलकं घातलेला, नाकात तार असलेला कडूबा पाहून त्यांचा चेहरा असा फुलला म्हणतात, की मास्तरांनी नोकरीत कधी असा साहेब पाहिला नव्हता. साहेब म्हणाले, खेड्यात मुलींना कोणी शाळेत घालत नाही, आणि या आडरानात एक मुलगी पहिल्या रांगेत बसते. मास्तरांनी तोंड उघडलं होतं. पण साहेब बोलत होते, आणि मध्ये बोलायचं नाही हा नियम मास्तरांचाच होता.

साहेबांनी कडूबाला हिशेब घातला: रुपयाला आठ शेर ज्वारी, तर अडीच शेराला किती? (शाळेतली ज्वारी बाजारापेक्षा महागच असते.) कडूबानं दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, पाच आणे. साहेबांनी विचारलं, आपल्या मुलखातली मोठी नदी कोणती? कडूबानं पुन्हा दाराकडे पाहिलं आणि गोदावरी म्हणून सांगितलं. मग धडा वाचायला दिला. कडूबानं तो न अडखळता वाचला, इतका न अडखळता, की पान संपलं तरी तो पुढचं वाचतच राहिला आणि पान उलटायचं त्याला सुचलंच नाही. साहेब तेव्हा छपराकडे बघत होते. त्यांनी त्याची पाठ थोपटली, ही कोणाची म्हणून विचारलं, वहीत लिहून घेतलं, आणि जाता जाता छपरावर नवे पत्रे घालण्याचा हुकूम करून गेले.

कडूबानं घरी येऊन एवढंच सांगितलं, की साहेबानं शाबासकी दिली. गोजरबाईनं त्या दिवशी त्याला पुरण घातलं. साळू ओढ्यावरून भिजून आली होती, तिला मी ओलं लुगडं बदल म्हणालो. त्या दिवशी मी तिच्याशी बोललेलं एवढंच आठवतं.

कार्तिकात कागद आला. तो नेमका आपल्या पत्राच्याच टपालात आला, म्हणूनच उत्तराला उशीर झाला. कागदावर असं होतं, की धर्मराज यांची मुलगी हुशार आहे, तिनं जालन्यातल्या मुलींच्या शाळेत पुढे शिकावं, त्यासाठी तिला दरमहा तीन रुपये वजीफा मिळेल, आणि मुलीला शिकवल्याबद्दल धर्मराज यांचं कौतुक करण्यात येतं. माझं आयुष्यात पहिल्यांदाच कौतुक झालं, तेही मी न केलेल्या गोष्टीबद्दल. मी तो कागद देवापुढे ठेवला, आणि मग वाटलं की देवापुढे ठेवण्यासारखा तो नाही, म्हणून पुन्हा उचलला. पुंजारामनं (माझा धाकटा भाऊ, आपण ओळखता) तो मोठ्यानं वाचला आणि इतका हसला, की गुऱ्हाळाचा बैल थांबला.

गोजरबाई मात्र हसली नाही. ती विचार करत होती. तिचं म्हणणं पडलं, की पैसे कडूबालाच मिळालेत, तर कडूबालाच पाठवा. मी म्हणालो, शाळा मुलींची आहे. तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण आपली बहीण किती पुढचा विचार करते ते आपल्याला कळायला पाहिजे.

"मंग काय झालं? सरकारनं वेणीकडं बघून पैसे देले. वेणी हाय तवर पैसे हायेत. केस कापायची एवढी जल्दी कशाला करून राह्यले तुम्ही? देव काय दोन वर्सं थांबणार न्हाई?"

देवाला दोन वर्षं थांबायला सांगून मुलाला मुलींच्या शाळेत बसवायचं, असा तो बेत होता. मी तिला सांगितलं, की देवाला दिलेली तारीख हलत नाही. ती म्हणाली, तुम्ही विचारून तर बघा. मी विचारलं नाही.

पण माझ्या मनात वेगळंच आलं होतं. कडूबाला एवढं येतं कधीपासून? मी त्याला समोर बसवून साहेबांचाच हिशेब घातला. रुपयाला आठ शेर, अडीच शेराला किती? कडूबानं दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. साळू विहिरीवर गेली होती. कडूबा दाराकडे बघत राहिला, मी कडूबाकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं साळू घागर घेऊन आली, तिनं दोघांची तोंडं पाहिली, काय विचारलंय म्हणाली, आणि घागर खाली न ठेवता, मोकळ्या हाताची पाच बोटं वर केली. मग एकदम तिच्या लक्षात आलं की समोर मी बसलोय. तिनं हात पदराखाली घेतला, जणू चोरी सापडली.

सगळं मग कडूबानंच सांगितलं. तो मनाचा साफ आहे. साळू दारातून बोटं दाखवते, ओठ हलवते, आणि धडे जात्यावर बसून म्हणते, ते ऐकून ऐकून त्याला पाठ झालेत. साहेबांच्या दिवशीही तिनंच सांगितलं होतं. मी नरहर मास्तरांकडे गेलो. वाटलं ते चकित होतील. ते चष्मा पुसत म्हणाले:

"धर्मराजबुवा, तीन वर्षं या शाळेत एकच विद्यार्थी पास होतो आहे, आणि तो दाराबाहेर तूर निवडत बसतो. मी काय करू? तिचं नाव पटावर घाला म्हणून तुम्ही कधी म्हणाला नाहीत."

मी म्हणालो, तुम्ही तरी विचारायचं. ते म्हणाले, मागे एकदा विचारलं होतं, तेव्हा तुम्ही तट्टाला पेंड महाग झाली आहे असं सांगितलंत. मला ते आठवेना. पण पेंड त्या वर्षी खरंच महाग झाली होती.

मग मी खरी अडचण काढली, की साहेबांना खरं कळवलं पाहिजे. मास्तर फार घाबरले. खरं कळवलं की पत्रे जातील, आणि कदाचित मास्तरही. ते म्हणाले, कागदावर मुलगी लिहिलंय, तुम्हाला मुलगी आहे, मग खोटं कुठे आहे? मी परत आलो, आणि पंधरा दिवस याच प्रश्नावर बसून राहिलो. कागद खरा, पण तो ज्या कारणानं आला ते खोटं. असा पैसा घरात घ्यावा का? आणि नाही घेतला, तर साळूला जालन्याला ठेवण्याचा सगळा खर्च घरातून करावा लागणार. कडूबा पुढच्या वर्षी चौथीत जाणार, त्याचंही पुढे आहेच. गोजरबाईनं सांगून टाकलं, की एक पोरगा आहे, एकाचंच होईल. पोरगी शिकून कुणाच्या घरची पत्रं वाचील? तिच्या सासऱ्याच्या. मग सासऱ्यानंच शिकवावं. आणि आपलं पत्र तर तिथेच पडलं होतं. आपण लिहिलं होतं, मुलीवर खर्च करायचाच तर तो एकदा लग्नात करावा, म्हणजे दिसतो तरी. मला तेव्हा ते पटल्यासारखंच झालं होतं. अंबडला होकार कळवायचा म्हणून मी बोरूसुद्धा तासून ठेवला होता. साळूनं मला काही विचारलं नाही. ती रोज दोरी धरून तट्टू नेत होती आणि आणत होती. फक्त तो सरकारी कागद मी ज्या फडताळात ठेवला होता, ते फडताळ ती रोज पुसायला लागली.

असं सगळं डोक्यात घेऊन मी चतुर्थीला राजूरला गेलो.

गाडीत आम्ही चौघं आणि सहा भेल्या. एक भेली पाच शेराची. माझ्या अंदाजानं कडूबाला पाच पुरणार होत्या, सहावी जास्तीची घेतली होती. पण मी अंदाज केला होता गेल्या वर्षीच्या कडूबाचा. त्यानंतर गोजरबाईनं त्याला वर्षभर तूप घातलं होतं, का, तर केस काढल्यावर पोर उघडं दिसतं, अंगावर थोडं असावं. नवस ज्या दिवशी बोलला त्या दिवशी कडूबा तांब्याएवढा होता. देवानं घाई केली नाही, हे देवाचं धोरण मला आता समजतं. त्यात वाटेत कडूबानं गाडीत मागे बसून सहाव्या भेलीचा एक कोपरा खाल्ला. आपण व्यापारातले आहात म्हणून विचारतो: पारड्यातला गूळ जर वजन होणाऱ्याच्या पोटात गेला, तर इकडे तेवढा कमी होतो आणि तिकडे तेवढा वाढतो. म्हणजे खाल्ला पावशेर, पण अंतर पडलं अर्ध्या शेराचं. मी गाडीत बसून हे तीन वेळा करून पाहिलं, दर वेळी तेच आलं.

देवळाच्या ओट्याखाली न्हाव्यानं कडूबाचे केस उतरवले. गोजरबाई रडली. कडूबा डोक्यावरून हात फिरवत राहिला, त्याला मजा वाटत होती. मग तागडी. तिथे एक म्हातारा दुकानदार नवसाच्या तुळेसाठी तीन वाशांवर मोठी तागडी टांगून बसतो. कडूबाला एका पारड्यात बसवला, दुसऱ्यात भेल्या रचल्या. पाच झाल्या, कडूबा हलला नाही. सहावी ठेवली, तरी नाही. म्हाताऱ्याकडून सातवी विकत घेतली. अर्धी आणखी घेतली, तेव्हा कुठे पारडं उचललं. साडेसात भेल्या, म्हणजे जवळजवळ एक मणाचा नवस. मला संशय आला. देवाच्या दारात येऊ नये, पण आला. मी म्हाताऱ्याला म्हणालो, तागडी एकदा तपासून बघू. दहा वर्षांचं पोर एवढं भरतं काय? म्हातारा रागावला नाही. म्हणाला, तपासा.

तपासायला दुसरं काय होतं? साळू शेजारी उभी होती. कडूबाहून दोन वर्षांनी मोठी, हातभर उंच. म्हटलं, ती तरी त्याच्याहून जड असणार, कमी भरली की तागडी खोटी. मी तिला पारड्यात बसवली. ती ओशाळून बसली. समोरच्या पारड्यात साडेसात भेल्या तशाच होत्या.

बद्रीनाथराव, ती वर गेली. पाखरू फांदीवर बसावं तशी ती वर टांगली गेली, आणि तिथून खाली बघून हसायला लागली, कारण तिला पहिल्यांदाच कोणी असं बसवलं होतं. मी अर्धी भेली काढली. मग एक काढली. ती वरच. आणखी एक काढली. पाच उरल्या तेव्हा दांडी सरळ झाली. पाच भेल्या. बारा वर्षांची मुलगी, पंचवीस शेर.

म्हातारा हळूच म्हणाला, "तागडी बराबर हाय, पाटील. घरचं बघा."

गोजरबाई माझ्या शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. लग्नानंतर ती इतका वेळ काही बोलली नाही असं मला दुसरं आठवत नाही. मी देवाकडे बघितलं. देव नेहमीसारखाच होता, शेंदूर लावलेला, शांत. मला वाटलं, याला आपण दहा वर्षं एका मुलाचा हिशेब देत होतो, आणि यानं न विचारता दोघांचा दाखवला. साडेसातच्या साडेसात भेल्या पायाशी ठेवल्या, नवस पुरा केला.  परत येताना गाडीत गोजरबाईनं शिदोरी सोडली, दशमीवर तुपाचा गोळा ठेवला आणि ती आधी साळूच्या हातात दिली. साळूनं सवयीनं ती कडूबाकडे केली. तेव्हा गोजरबाई तिच्यावर खेकसली, "तुला देली ना? खाय की मुकाट." रागानं बोलली, पण रागावली होती कुणावर ते मला कळलं.

पुढचं थोडक्यात लिहितो. दुसऱ्या दिवशी मी नरहर मास्तरांकडे जाऊन साहेबांना अर्ज लिहायला सांगितलं. मास्तरांनी आधी छपराकडे पाहिलं. नवे पत्रे खिळे मारून पक्के बसले होते, तेव्हा त्यांना धीर आला. अर्जात एवढंच घातलं, की हुजुरांनी ज्याची पाठ थोपटली तो माझा मुलगा, नवसामुळे तसा दिसत होता. पण ज्या उत्तरांवर हुजूर खूश झाले ती माझ्या मुलीचीच होती. ती दाराबाहेर बसली होती, कारण तिला आत बसवायचं मला सुचलं नव्हतं. कागद खरा ठेवायचा की रद्द करायचा हे हुजुरांनी ठरवावं. त्या कागदावर माझं जे कौतुक केलं आहे, तेवढं मात्र खोडावं. मास्तर म्हणाले, ही शेवटची ओळ नको. मी म्हणालो, ती राहू द्या. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येवो. त्याच्यासाठी थांबायचं नाही असं मी ठरवलं.

म्हणून गेल्या आठवड्यात भोकरदनच्या बाजारात मी तट्टू विकलं. खोगिरासकट. कडूबा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आपला आपण पायी शाळेत निघाला, आणि निघताना मला विचारलं, "आता मला बोटं कोण दाखवील?" मी म्हणालो, आता तुला तुझीच आहेत. तो ओढ्यापर्यंत आपली बोटं बघत गेला. मास्तर सांगत होते, त्या दिवशी त्यांनी हजेरी मांडायला पहिल्यांदा मान वर केली.

तर अंबडची ती एक ओळ: काकासाहेबांना नम्रपणे नाही म्हणून कळवावं. आपली दोन फेऱ्यांची तसदी वाया गेली, त्याबद्दल मी हात जोडतो. पत्राच्या सुरुवातीला जो राग जवळ ठेवायला सांगितला होता, तो आता वापरायला हरकत नाही. गुऱ्हाळामुळे मला येता येत नाही, म्हणून हे पत्र पुंजारामबरोबर गाडीनं पाठवतो आहे. घरातल्या सर्वांना रामराम सांगावा. लोभ आहे तो असाच राहावा.

आपला
धर्मराज

ता. क. वर पुंजारामबरोबर पत्र पाठवतो असं लिहिलं, ते अर्धंच आहे. पुंजाराम गाडी हाकतो आहे. पत्र आपल्या हातात ज्या मुलीनं दिलं ती साळू आहे. बारशाला पाहिली होतीत, एवढ्यात ओळखली नसेल. ती दारातच उभी असेल. दाराबाहेर बसायची तिला सवय आहे, म्हणून आपण बोलावल्याशिवाय ती आत येणार नाही. एवढी विनंती आहे, की तिला आत घ्यावं. शाळा होईपर्यंत ती आपल्याकडे राहील. तट्टाचे पैसे तिच्या कनवटीला बांधून दिले आहेत, त्यातून तिची फी, पुस्तकं आणि एक नवं, विकतचं लुगडं घ्यावं. मुलींच्या शाळेत द्यायची मास्तरांची चिठ्ठीही तिच्याजवळ आहे.

ता. क. दुसरा. नंदाबाईंना सांगावं, की ती पाणी भरते, भाकरी थापते, दळण चांगलं दळते. तिच्याकडून कामं जरूर करून घ्यावीत. फक्त शाळेची घंटा होण्याआधी तिला सोडावं. ती स्वतः सांगणार नाही.

ता. क. तिसरा. हे गोजरबाई सांगते आहे, मी लिहितो आहे: गाडीत पाठवलेल्या मडक्यातलं तूप साळूसाठी आहे, घरातल्या पोरांना त्यातलं देऊ नये. भावाला असं लिहिणं बरं दिसत नाही हे मी तिला सांगितलं. ती म्हणते, लिहा. आणि काकासाहेबांना एकदम नाही म्हणू नये, थांबा म्हणावं, असंही ती म्हणते. वर मी नाही म्हणायला सांगितलं आहे. दोन्हींतलं आपल्याला पटेल ते करावं, पण नाहीच म्हणावं.

ता. क. शेवटचा. गाडीत तुपाच्या मडक्याशेजारी गुळाच्या पाच भेल्या आहेत. त्या देवाच्या नाहीत, घरच्या आहेत, खुशाल खाव्यात. आपल्या जिनिंगमध्ये कापूस तोलायचा मोठा काटा आहे. उद्या साळूला एकदा त्यावर बसवून खात्री करून घ्यावी, म्हणजे पुढे वाद नको: पाच भेल्या गूळ आणि पाच भेल्यांची मुलगी, असा माल आपल्याला बराबर पोचला. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीला मी स्वतः न्यायला येईन. गूळ परत नको. मुलगी मात्र सहा भेल्यांच्या वर भरली पाहिजे.